अखंड दिव्याची लीक टेस्ट

आमच्या सासरी दिवा विझला असं कुणी म्हणत नाही. दिवा 'शांत झाला' म्हणायचं. शांत होणारा तो एकटाच. त्यानंतर घरात जे काही व्हायचं, त्याला शांत म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. मी सांगतेय ते नवरात्रातल्या अखंड दिव्याबद्दल. घटस्थापनेला लावायचा आणि दसऱ्यापर्यंत तेवत ठेवायचा. तेल कमी पडू द्यायचं नाही, काजळी साचू द्यायची नाही, घराला कुलूप लावून कुठे जायचं नाही. काही घरांत शेजारी दुसरा जोडदिवा लावून ठेवतात, एक गेला तर दुसरा असावा म्हणून. ती सोय आमच्या घराण्यात नव्हती. "देवीला काय फसवायचं हाय का?" असं सासूबाई विचारायच्या आणि विषय संपायचा.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात दिवा शांत झाला. दुसऱ्या वर्षी पुन्हा झाला. आणि मी या घरात यायच्या आधी तो एकदाही झाला नव्हता, हे सासूबाईंनी दूधवाल्याला सांगितलं, फुलपुडी टाकणारीला सांगितलं, केबलचे पैसे मागायला येणाऱ्यालाही सांगितलं. तो बिचारा पावती हातात धरून "हो का, हो का" करत राहिला.

सासूबाई दिंडोरीकडच्या. सासरे आणि थोरले दीर गावी द्राक्षबाग बघायचे. धाकट्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, अंबडच्या कारखान्याला जवळ पडेल असं रो-हाऊस घेतलं, तेव्हा त्याचा संसार लावून द्यायला म्हणून त्या नाशकात आल्या. मग माझं लग्न झालं, संसार लागला, आणि त्या काही परत गेल्या नाहीत. तेव्हापासून दोन्हीकडे वेगवेगळे घट बसायचे, गावाकडे थोरल्या जावेचे आणि इथे आमचे. आमचे म्हणायचं इतकंच. माती चाळण्यापासून माळा बांधण्यापर्यंत हुकूम सासूबाईंचा, आणि दिवा गेला की तेवढा माझा.

आता यात माझं काय जात होतं ते सांगते. मी सिन्नरला एका शाळेत भूगोल शिकवायची. माहेर सिन्नरचंच, नोकरी लग्नाआधीपासूनची, आणि ती सोडणार नाही हे बोलणी झाली तेव्हाच माझ्या वडिलांनी सांगितलेलं. सकाळी स्वयंपाक उरकून एसटी पकडायची, एसटी चुकली की जीपमध्ये कोंबून घ्यायचं. नवरात्रात शाळेला सुट्टी नसते, उलट सहामाहीच्या परीक्षा असतात. सासूबाईंचं म्हणणं असं, की घरात घट बसलेले असताना सून पायात चप्पल घालून, शीव ओलांडून, परक्या माणसांच्या मांडीला मांडी लावून रोज तालुक्याला जाते, मग देवी घरात थांबेल कशाला? दुसऱ्या वर्षीचा दसरा झाल्यावर त्यांनी निकाल दिला.

"पुढल्या साली दिवा गेला तर शाळा बंद. हे देवी बोलली, मी नाय बोलले."

देवी नेहमी सासूबाईंच्याच आवाजात बोलायची, आणि बरोबर माझा पगार झाला की बोलायची. पण देवीशी वाद घालायचा कसा? सासूशी घालता येतो, म्हणजे निदान मनातल्या मनात तरी.

मला ती नोकरी हवी होती. पैशासाठी हवी होतीच, उगाच खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त अशासाठी हवी होती, की मी वर्गात पाऊल टाकलं की अख्खा वर्ग उठून उभा राहायचा. घरात मी कुठल्याही खोलीत गेले तर फक्त मांजर उठायचं, आणि तेही शेजाऱ्यांचं.

राहिले आमचे हे. यांची गोष्टच न्यारी. हे अंबडला एका कारखान्यात लीक टेस्टिंगला होते. हवा भरायच्या लोखंडी टाक्या तिथे बनायच्या. टाकीत दाबाने हवा भरायची, ती पाण्याच्या हौदात बुडवायची आणि बघत बसायचं. बुडबुडा आला की टाकी नापास. मोठ्या टाक्या हौदात मावायच्या नाहीत, त्यांना साबणाचा फेस फासायचा. दिवसभर बुडबुडे शोधून माणूस जसा होतो तसे हे झाले होते. बायको रडतेय हे दिसायचं नाही, नळाचा वॉशर गेलाय हे शेजारच्या खोलीतून ऐकू यायचं.

माझ्या आणि आईंच्या भांडणात यांनी कधी कुणाची बाजू घेतली नाही. भांडण पेटलं की हे अंबडला जायचे. रविवारी पेटलं तर रविवारीही जायचे. पण शाळा बंदचा हुकूम झाल्यावर मीही इरेला पेटले. म्हटलं, "तुम्ही काहीतरी बोला. नाहीतर मी सिन्नरलाच राहायला जाते, मग तुमची आई, तुमचा दिवा आणि तुम्ही, बसा ओवाळत." यांनी बराच विचार केला. माझी बाजू घ्यायची हिंमत नव्हती, आईची सोडायची ताकद नव्हती, म्हणून यांनी वाऱ्याची बाजू घेतली.

"हे बघ," हे म्हणाले, "तू शाळेत जातेस म्हणून ज्योत जात नाही. ज्योत हवेने जाते. म्हणजे घरात हवा शिरते. म्हणजे घर लीक आहे."

"मग?"

"मग काय, टेस्ट करायची."

लग्न झाल्यापासून यांनी माझ्यासाठी केलेलं हे सगळ्यात प्रेमाचं बोलणं होतं. मला तेव्हा ते कळलं नाही, मी कपाळावर हात मारून घेतला.

घर हौदात बुडवता येत नाही, ही यांची पहिली अडचण. येत असतं तर यांनी गोदाघाटावर नेऊन बुडवलंही असतं. मग यांनी डोकं चालवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक मोठा एक्झॉस्ट फॅन आणून बसवला. सगळी दारं-खिडक्या लावायच्या, फॅन सुरू करायचा. फॅन घरातली हवा बाहेर फेकणार, घरातला दाब कमी होणार, मग बाहेरची हवा जिथे फट असेल तिथून आत घुसणार. आपण हातात पेटती अगरबत्ती घेऊन भिंतीभिंतीने फिरायचं. धूर सरळ वर गेला तर पास, वाकडा झाला तर तिथे लीक. मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत होते, वारे जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतात. पोरांकडून पाच-पाच वेळा लिहून घेत होते. ते वारे माझ्याच घरात येऊन माझ्याच नोकरीवर उठलेत, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

टेस्टिंगला मुहूर्त मिळाला पितृपक्षातला. त्यावरून आधी ठिणगी पडली. पक्षात नवीन काम काढायचं नाही, असं सासूबाईंनी ठणकावलं. हे म्हणाले, नवीन काम नाही, तपासणी आहे. तपासणी चालते का, यावर गावाला फोन झाला. सासऱ्यांनी तिकडून विचारलं, "कशाची तपासनी?" हे म्हणाले, "घराची." सासरे म्हणाले, "डॉक्टरला दाखव स्वतःला," आणि फोन ठेवला. सासूबाईंनी याचा अर्थ परवानगी असा घेतला, कारण नवऱ्याने नको म्हटलेलं त्यांना नेहमीच चालायचं.

रविवारी सकाळी टेस्ट सुरू झाली. फॅनचा आवाज असा, की शेजारच्या काकू पिठाची गिरणी घातली का म्हणून विचारायला आल्या. हे एका हातात अगरबत्ती, दुसऱ्या हातात तांबडा खडू घेऊन फिरत होते. धूर वाकला की तिथे फुली. पुढच्या दाराखाली फुली. खिडक्यांच्या चौकटींना फुल्या. वायरिंगच्या पट्ट्यांजवळ, पाइपांभोवती, जिन्याच्या वरच्या दाराला, फुल्याच फुल्या. दुपारपर्यंत घर अंगभर देवी उठल्यासारखं दिसायला लागलं. त्या सुमाराला आमच्या भागात रस्ता रुंद करायचं चाललं होतं आणि पाडायच्या भिंतींवर तांबड्या खुणा होत होत्या. आमच्या दाराबाहेरची फुली बघून काकूंचे मिस्टर धावतच आले. "कधी आले होते? आमच्याकडं नाही ना केली?" हे त्यांना शांतपणे म्हणाले, "तुमचंही लीकच असणार. पण पाळीपाळीने घेऊ." काकांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही म्हणे.

संडासाच्या झरोक्यातल्या काचेच्या पट्ट्यांपाशी धूर फारच वाकला. हे खूश. पाठमोरे तिथूनच ओरडले, "सापडलं, मेन लीकेज सापडलं!" सासूबाई बाहेर शेंगा फोडत बसलेल्या. त्यांनी नाकाला पदर लावला.

आणि मग हे देवघराकडे वळले. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात कडप्प्याचा ओटा, त्यावर लाकडी देवघर भिंतीलगत ठेवलेलं, पुढे घट बसवायची जागा. हे अगरबत्ती घेऊन तिथे पोचणार, इतक्यात सासूबाई वाऱ्यासारख्या उठल्या.

"थांब! संडासात फिरवलेली उदबत्ती देवापुढं आनतो का रं, शिंदळीच्या?"

हे म्हणाले, ठीक आहे, नवीन लावतो. तेही चालेना. देवापुढे अगरबत्ती ओवाळायची असते. धूर सरळ जातो का वाकडा, ते बघायला देवाला काय कारखान्यात लावलंय का? देवाची परीक्षा घेतो का? यांनी मग बिनवासाची सुतळी पेटवून बघू का विचारलं. त्यावर सासूबाई जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. यांनी जागच्या जागी आईला हात जोडले, देवाला जोडले, आणि तो कोपरा सोडून दिला. साहेब असते तर यांनी अर्धवट तपासलेली टाकी बाहेर जाऊ दिली नसती. पण आई ही साहेबाच्या वरची.

मग बुजवाबुजव. दुरुस्ती पक्षात चालते, असा नवा नियम सासूबाईंनी स्वतःच काढला, कारण घरातल्या फुल्या त्यांना बघवत नव्हत्या. दारांच्या कडेने रबराच्या पट्ट्या, चौकटींच्या फटींत रंगाऱ्याची लांबी, पाइपांभोवती सिमेंट, संडासाच्या झरोक्याला प्लास्टिक. पुन्हा फॅन, पुन्हा अगरबत्ती, धूर सगळीकडे काठीसारखा सरळ. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी यांनी कारखान्यातून एक गोल हिरवं स्टिकर आणलं. ओके असं इंग्रजीत लिहिलेलं, पास झालेल्या टाकीवर लावतात ते. ते यांनी पुढच्या दारावर, गणपतीच्या चित्राखाली चिकटवलं. मी बघत राहिले. लग्न होऊन या घरात दोन वर्षं झाली, मला काही कुणी ओके केलं नव्हतं.

त्या टाकीत आम्ही राहायला लागलो. पुढचं दार खांद्याने ढकलल्याशिवाय उघडेना आणि लावताना कानात दडे बसायचे. सोमवारी दिलेली ठेच्याची फोडणी बुधवारी शिंकायला लावायची. आत शिरलेला डास आतच म्हातारा व्हायचा. सासूबाईंना एकदा विचारलं, गुदमरतं का? म्हणाल्या, "उपासाला बरं असतं. वासानंच पोट भरतं." हे घरी आले की दारात उभे राहून खोल श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "सकाळचा वास अजून आहे. म्हणजे सील पक्कं आहे."

घट बसले. दिवा लागला. आणि खरं सांगते, ज्योत अशी उभी राहिली की बघत राहावं. जरा म्हणून हलेना. यांचा फॅन बंद, छताचा पंखा बंद, दारं बंद. पहिली माळ झाली, दुसरी झाली. शाळेतून आले की मी चप्पल काढायच्या आधी मान वाकडी करून देवघराकडे बघायची. आहे. हुश्श. सासूबाईही बघायच्या, पण ज्योतीकडे नाही, माझ्याकडे. सातवी माळ झाली तेव्हा मी शाळेत पुढच्या सहामाहीचं वेळापत्रक मागून घेतलं. आता अष्टमी आणि नवमी काढली की सुटले, असं मनात म्हणायची आणि लगेच जीभ चावायची.

अष्टमीला संध्याकाळी आमच्याकडे ओळीतल्या बायका आरतीला यायच्या. त्या वर्षी जरा जास्तच आल्या. कोंदटलेलं घर बघायला आल्या असाव्यात, काकूंनी गल्लीभर सांगितलंच होतं. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. ओट्यावर साबुदाणा वड्यांची कढई नुकतीच उतरलेली, तिचा धूर. देवीपुढे धूप, त्याचा धूर. शिवाय कापूर. पुरुष मंडळी पुढच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलेली, दार लावून घेतलेलं. आरती सुरू झाली आणि दुसऱ्या कडव्याला निम्म्या बायका खोकायला लागल्या. एकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाकीच्यांना वाटलं तिच्या अंगात येतंय, त्या तिच्या पाया पडायला लागल्या. ती म्हणतेय, "अहो, मला हवा द्या, हवा!"

मी छताच्या पंख्याच्या बटणापाशी उभी होते, कुणाला हात लावू देत नव्हते. पंखा म्हणजे दिवा गेलाच. तेव्हा सासूबाईंनीच तोडगा काढला. "आगं, ते खिडकीतलं लाव. ते आत वारं घालीत नाय, भायेर फेकतं." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतः हात लांब करून एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबलं.

धूर हलला. बायकांनी सुटकेचा श्वास घेतला. आणि इतके दिवस काठीसारखी उभी असलेली ज्योत पुढे वाकली, कुणीतरी मागून मानेला धरून वाकवावी तशी, आडवी झाली आणि गेली.

टाळ्या थांबल्या. मागच्या एका आजीबाईंना दिसलं नव्हतं, त्या एकट्याच बराच वेळ वाजवत राहिल्या.

सासूबाई वळल्या. घरात एवढ्या बायका, बटण दाबणाऱ्या त्या स्वतः, पण बघितलं त्यांनी माझ्याकडेच. "झालं? झालं ना मनासारखं?" त्यांचा आवाज थरथरत होता. "उद्या त्या शाळेत जा आन् राजीनामा देऊन ये. देवीनं तीन येळा सांगितलं. आता चौथ्यांदा काय व्हायची वाट बघू मी?"

बायकांनी लगेच चुकचुकायला सुरुवात केली. एकीच्या चुलत नणंदेकडे दिवा गेला होता तर दसऱ्याच्या आत म्हैस दगावली होती. दुसरीच्या भावकीत तर माणूसच. तिसरी मला म्हणाली, "जाऊ दे गं, नोकरी काय, पुन्हा मिळते." मला रडू येईल असं त्या सगळ्यांना वाटत होतं, आणि दोघीतिघी पदर घेऊन तयारही होत्या. रडू कसलं येतंय! संताप आला मला. असा संताप, की तो कढईतला झारा उचलून त्या फॅनमध्येच घालावा. मी बायकांना बाजूला सारून पुढचं दार खांद्याने उघडलं आणि अंगणात खुर्चीवर बसलेल्या आमच्या यांना म्हटलं, "दिवा गेला. माझी शाळा गेली. तुमचं ते स्टिकर काढा आणि माझ्या कपाळावर लावा."

हे उठले. आत आले, दार लावून घेतलं. फॅन चालूच होता, तो चालू ठेवायला सांगितला. आणि देवीपुढे लावलेल्या अगरबत्त्यांतली एक सरळ उपटून हातात घेतली.

"आरं, देवाची हाय ती!" सासूबाई किंचाळल्या.

"हो आई," हे म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी आईचं ऐकलं नाही.

पुढच्या दाराशी धूर सरळ. खिडकीशी सरळ. बायका वाट करून देत होत्या आणि माना उंच करून बघत होत्या. आरतीला लागलं नव्हतं एवढं लक्ष आता लागलेलं. घटाजवळ अगरबत्ती नेली मात्र, धूर भिंतीकडे पाठ करून आडवा पळत सुटला. हे वाकले. लाकडी देवघराच्या मागे, भिंतीशी जिथे चार बोटं जागा होती तिथे हात घातला. हात काही बाहेर येईना. चेहरा असा झाला, की मला वाटलं विंचू चावला.

"काय आहे?"

"भोक," हे म्हणाले. "केबलचं."

सगळी बुजवाबुजव करून यांनी घरात एकच भोक शिल्लक ठेवलं होतं. फॅन ओढत होता ती सगळ्या घराची हवा त्या एका भोकातून, नेमकी दिव्याच्या पाठीमागून येत होती. आणि ते पाडलं कुणी? यांनीच. क्रिकेट बघायला केबल घेतली, कारखान्यातलं ड्रिल मशीन आणलं, वायर करंगळीएवढी आणि भोक आंब्याच्या कोयीएवढं पडलं. आई ओरडेल म्हणून यांनी देवघर हातभर सरकवलं आणि भोकापुढे उभं केलं. कधी? आमच्या लग्नाच्या वर्षी. या घरात दोन गोष्टी एकाच वर्षी आल्या, केबल आणि मी. संशय माझ्यावर गेला, कारण केबलवरच्या मालिका सासूबाई दुपारी बघायच्या.

मी हसायला लागले. मला आवरेचना. मग काकू हसल्या, मग ती मघाशी हवा मागणारी हसली, आणि मग सगळ्याच. हे तिथेच उकिडवे बसून भोकात फडकं कोंबत होते आणि म्हणत होते, "मी म्हणालो होतो, हा कोपरा राहिलाय म्हणून." म्हणाले नव्हते. पण त्या क्षणी मी यांना काहीही माफ केलं असतं.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी फॅन बंद केला, देवीची क्षमा मागितली, नवी वात लावली. आरती पुन्हा पहिल्यापासून झाली. बायकांना वडे दिले, कुंकू लावलं, दारापर्यंत पोचवलं. सगळं नीट केलं, पण तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, फजिती झाली म्हणून घुश्शात आहेत. मनातून बरंही वाटलं, का खोटं बोला.

घर रिकामं झाल्यावर त्या देवघरापुढे जाऊन बसल्या. मी खरकटं आवरत होते. हे अजून त्या भोकाशी लांबी लावत होते, आता कुणाची परवानगी न घेता. सासूबाईंनी यांना विचारलं, "काय रं, मातीच्या भिंतीतून बी येतं का वारं?"

"कशातूनही येतं आई."

"कौलातून?"

"कौलातून तर येणारच. कौलारू घर म्हणजे सगळंच लीक."

सासूबाई ज्योतीकडे बघतच बोलायला लागल्या. मला की यांना, ते कळत नव्हतं.

"माझं लगीन झालं त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट हाय. आपलं जुनं घर. दिवा गेला. माझी तेल घालायची पाळी व्हती. सासू म्हनली, तुझ्या हातून गेला. त्याच नवरात्रात माझ्या माहेराहून मानूस आला, म्हने बाप लय आजारी हाय, पोरीला बोलावतोय. सासूनं नाय पाठवलं. म्हनली, एकदा दिवा घालवला, आता उंबरा वलांडला तर काय-काय घालवशील. दसरा झाल्यावर जा." त्यांनी पदराने नाक पुसलं. "दसऱ्याला गेले. राख सुदिक गार झाली व्हती."

यांच्या हातातली लांबीची पट्टी तशीच थांबली. हे यांनीही कधी ऐकलं नव्हतं.

"मी सासूला कधी बोल लावला नाय. म्हनलं, खरंच हाय. दिवा माझ्या हातून गेला, म्हनून बाप गेला. मीच घालवला. आन् तू रोज त्या सिन्नरच्या जीपला लटकून जाती, हितं दिवा जातो…" पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला भ्या वाटायचं, आता हिचं काय जातंय."

लग्न झाल्यापासून मी या बाईला मनातल्या मनात काय-काय बोलले होते.

"सांग ना रं," त्या यांना म्हणाल्या, "तवा बी वाराच आसंल का?"

ते घर केव्हाच पाडलं होतं, त्या जागी आता स्लॅबचं होतं. आमचे हे, ज्यांना तपासल्याशिवाय घोटभर पाणी गोड लागत नाही, ते आईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाराच होता आई. नक्की वारा होता."

सासूबाई रडायला लागल्या. मी त्यांना रडताना तोपर्यंत कधी बघितलं नव्हतं. तोंड पदरात घालून, लहान पोरीसारख्या, "माझा बाप, माझा बाप" करत रडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या,

"उद्या शाळा सुटली की तशीच घरी नको येऊ. माहेरी जा. बापापाशी बस थोडी. दिव्याला तेल घालायला मी हाय हितं."